गच्चीला गोधडी

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घराकडे नव्या नजरेने पाहण्याची रीत आहे. कोणी भिंतींना रंग काढतो, कोणी ओट्याची फरशी बदलतो, कोणी बाहेरच्या खोलीला नवे पडदे शिवतो. हौसेची ही सगळी कामे डोळ्यांच्या पातळीवरची. डोक्यावर काय आहे, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचे बिऱ्हाड आहे, त्यांनी ते दिले नाही तरी चालते. पण सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा! चैत्र संपतो न संपतो तोच त्यांचे छत त्यांना आपण होऊन आपली आठवण करून देते.

आमचे घर अशांपैकीच. पुण्यात, एका जुन्या सहकारी सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. वर सपाट गच्ची आणि तिच्यावर दिवसभराचे ऊन. मागची खोली सासूबाईंची. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांना रात्र रात्र झोप येईना, जेवण तुटले आणि एके दिवशी पहाटे उठताना चक्कर येऊन त्या पलंगाच्या कडेलाच बसल्या. डॉक्टरांनी सांगितले ते अगदी साधे होते. दिवसाचे ऊन टाळता येते. पण रात्रीसुद्धा खोली तापलेलीच राहिली तर म्हाताऱ्या शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नव्हे.

घरात खल सुरू झाला. वातानुकूलन यंत्राचे नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "नको गं बाई, माझे गुडघे धरतील." दिरांनी नाशिकहून कळवले, "उन्हाळ्याचे तीन महिने आईला इकडे पाठवा." बोलणे प्रेमाचेच होते. पण सासूबाईंनी ते ऐकून घेतले आणि इतकेच म्हणाल्या, "म्हणजे आता उन्हाळा आला की मला हलवायचं, आणि पाऊस पडला की परत आणायचं, असंच ना?" त्यानंतर कोणी काही बोलले नाही. घराची डागडुजी हा आमच्यापुरता हौसेचा प्रश्न राहिला नाही, तो त्या क्षणापासून.

ऊन जाते, स्लॅब राहतो

पहिला प्रश्न असा, की सूर्य मावळल्यावरही खोली का तापते? काँक्रीटचा स्लॅब म्हणजे उष्णतेची पेढीच. दिवसभर ऊन जमा होते आणि रात्री ते व्याजासकट आपल्या अंगावर परत येते. चार-पाच इंचांचा तो थर उष्णता साठवतो भरपूर आणि अडवतो फारच थोडी. म्हणून पंखा लावला तरी गरम वारा, आणि छताला हात लावावा तर रात्री दहालाही तवा निवत ठेवल्यासारखा! आमच्याकडे एका रात्री दहा वाजता पारा ३६ अंशांवर होता.

उपाय उघड आहे. गच्ची आणि ऊन यांच्यामध्ये असे काहीतरी घालायचे, की जे उष्णता पुढे जाऊच देणार नाही. त्याला इंजिनियर लोक इन्सुलेशन म्हणतात. आपण उष्णतारोधक थर म्हणू. आता हा थर कशाचा? आमचे हे काटकसरी. त्यांचे म्हणणे, "बाजारात नवे कोरे कशाला घ्यायचे? जगात टाकाऊ वस्तूंपासून असले थर सर्रास करतात. माळ्यावर पाच गणपतींची थर्मोकोलची मखरे पडलीत, ती काय कमी आहेत?"

यावर सासूबाई म्हणाल्या, "मग माझी जुनी लुगडीही घाला गच्चीवर. गोधडीच होईल."

बोलल्या त्या थट्टेने. पण शास्त्र नेमके हेच आहे. गोधडी ऊब देते ती कापडामुळे नव्हे. जुन्या लुगड्यांच्या थराथरांत जी हवा कोंडून राहते, ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. स्थिर हवेसारखा उष्णतेला अडवणारा स्वस्त पदार्थ दुसरा नाही. थर्मोकोलमध्ये तर शेकडा अठ्ठ्याण्णव भाग हवाच असते! म्हणूनच दोन इंच जाडीचे थर्मोकोल उष्णतेला जेवढे अडवते, तेवढे अडवायला काँक्रीटची जवळजवळ दोन मीटर जाडी लागेल. जी गोधडी थंडीला बाहेर ठेवते तीच उन्हालाही बाहेर ठेवू शकते. प्रश्न फक्त तिच्यात हवा कोंडून राहील की नाही, एवढाच.

टाकाऊचा बाजार

मग आम्ही दोघांनी माहिती गोळा करायला सुरुवात केली. वाचकहो, टाकाऊ वस्तूंचे हे जग मोठे मौजेचे आहे.

पहिली जुनी वर्तमानपत्रे. त्यांचा भुगा करून, त्यात टाकणखाराच्या जातीची द्रव्ये मिसळून, अमेरिकेत आणि युरोपात घरांच्या माळ्यांवर आणि पोकळ भिंतींत भरतात. ती द्रव्ये आग आणि कीड या दोहोंना आवर घालतात. १९७०नंतरच्या दशकात तेल महागले तेव्हा अमेरिकेत या भुशाला एकदम मागणी आली. ती पुरवताना कच्चा मालही घरोघर भरला गेला, आणि शेवटी १९७८ साली आगीच्या कसोटीचा कायदाच करावा लागला. रद्दीचा धर्म जळण्याचा आहे, तो मशागतीशिवाय बदलत नाही! हा अंकही पुढेमागे रद्दीत जाणारच; तिकडे असता तर कोणाच्या तरी माळ्यावर ऊब देत बसला असता.

दुसरे जुने कपडे. अमेरिकेत २००६पासून जुन्या जीन गोळा करून त्यांच्या सुताच्या गाद्या भिंतींत भरण्याचा उपक्रम चालू आहे. आणि आपल्याकडचे पानिपत! ते नाव काढले की मराठी माणसाला १७६१ आठवते. पण आजचे पानिपत जगभरच्या फाटक्या लोकरी कपड्यांचे सूत काढून घोंगड्या-ब्लँकेटे विणणारे गाव आहे.

तिसरी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. त्या धुऊन, वितळवून त्यांचा तंतू काढतात आणि त्याचा मऊ नमदा करतात. हाताला खाजत नाही, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. मात्र प्लॅस्टिकच ते; अडीचशे अंशांच्या आसपास वितळते आणि आगीत जळतेही. तो उघडा ठेवायचा नाही.

चौथी फुटकी काच. काचेच्या लोकरीत आज जुन्या काचेचा चुरा मोठ्या प्रमाणात वापरतात. ही जळत नाही, हा मोठा गुण. हाताळताना अंगाला खाज सुटते आणि घशात जाते, म्हणून हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. पूर्वी तिच्यावर कर्करोगाचा संशय होता. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फेरतपासणी करून घरबांधणीतल्या काचेच्या लोकरीला त्या संशयितांच्या यादीतून काढले. पोलादाच्या भट्टीतल्या मळीचीही अशीच लोकर होते.

पाचवी राख. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे इथल्या वीजकेंद्रांत कोळसा जळून जी बारीक राख उरते, तशा राखेपासून सच्छिद्र, हलके ठोकळे करतात. साध्या विटेपेक्षा ते उष्णता बरीच कमी वाहू देतात. नवी भिंत बांधायची असेल तर त्यांचा विचार अवश्य करावा.

आणि एक वस्तू अशी, की ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. जुने ॲसबेस्टॉसचे पत्रे! ते कापताना, फोडताना जी धूळ उडते तिने फुप्फुसांचा कर्करोग होतो, आणि ॲसबेस्टॉसची कोणतीच जात याला अपवाद नाही. "पत्रा चांगला जाड आहे, ऊन अडेल," असे कोणी सांगितले तर नमस्कार करून दार लावावे.

ओली गोधडी

इतकी यादी झाल्यावर माझा जीव जुन्या सुतावर बसला होता. लुगड्यांची गोष्ट मनाला भावली होती ना! मी तसे बोलून दाखवले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "आणि पाऊस पडला म्हणजे? ओली गोधडी पांघरून कोणी झोपतं का?"

साऱ्या निवडीची किल्ली त्या एका प्रश्नात होती. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. थरातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की तो थर उष्णतारोधक राहतच नाही. उलट ओल धरून स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांना गंज आणतो. कागदाचा भुसा, सुताची गादी, लोकर हे सगळे कोरड्या पोकळीतले गडी. अमेरिकेतल्या घराला उतरते छप्पर आणि त्याखाली कोरडा माळा असतो. आमच्या डोक्यावर सपाट गच्ची आणि चार महिने आषाढ-श्रावणाचा मारा. तिकडचा गुणी पदार्थ इकडे आणून निभावत नाही, त्याची जागाही बरोबर आणावी लागते.

तेव्हा टाकाऊ वस्तू कोणती, हा प्रश्न दुसरा. ती कोठे बसणार आणि तिथे पाणी पोचणार का, हा पहिला.

दुसरी धास्ती आगीची. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला ऊब राहावी आणि ती दिसायलाही नीटनेटकी व्हावी म्हणून बाहेरून नवे आवरण घातले. काम २०१६ साली संपले. १४ जून २०१७च्या रात्री एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या आवरणावरून चढत गेली आणि ७२ माणसे दगावली. ते सामान टाकाऊ नव्हते, नवेच होते. पण धडा सर्वांनाच आहे: घराला जे पांघरूण घालाल ते पेटणारे नाही, किंवा पेटले तरी ज्वाळेपासून झाकलेले आहे, याची खात्री आधी करा.

यांची मखरे यातच बाद झाली. रंग फासलेले, डिंक लावलेले, वेड्यावाकड्या तुकड्यांचे ते थर्मोकोल. त्यात आग रोखणारे द्रव्य आहे की नाही, कोणास ठाऊक! शिवाय तुकडे जोडले तर फटी राहतात आणि फटीतून उष्णता वाट काढते. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली, ती अशाच निरुपयोगी ढिगाऱ्यांपायी. पण जुने थर्मोकोल दळून, नव्या दाण्यांत मिसळून त्याच्या सरळ, एकसारख्या लाद्या करतात. त्या वापरता येतात. मखरे त्यांनी दळणाऱ्याकडे पोचवली, आणि माळाही रिकामा झाला.

स्वयंपाकघरातला काटा

आमच्या गच्चीवर पूर्वीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा होता. आपल्याकडची ही टाकाऊतून टिकाऊ करण्याची जुनीच तऱ्हा: फुटक्या विटा, वर चुना-सिमेंट, पाण्याला उतार. पण कोबा पाणी काढून देण्यात हुशार, ऊन अडवण्यात बेताचा. चार इंचांचा कोबा उष्णतेला अडवतो तो एक वीतभर काँक्रीटइतका. आणि वजन? चौरस फुटाला सतरा-अठरा किलो! हजार फुटांच्या गच्चीवर सतरा-अठरा टन नुसत्या विटा. आमचा तर तडकलेलाही होता. स्ट्रक्चरल इंजिनियरांनी पाहून सांगितले, की याच्यावर आणखी थर चढवू नका. हा काढा, गळती बंद करा आणि हलका थर घाला.

गच्ची सोसायटीची. तेव्हा सर्वसाधारण सभा आली, आणि सभा म्हटली की भाषणे आली. "एकाच्या खोलीसाठी सर्वांची गच्ची का फोडायची?" असा प्रश्न निघाला. कोबा गळतो आहे, तो आज ना उद्या काढायचाच आहे, उष्णतारोधक थराचा खर्च आम्ही सोसतो, असे यांनी सांगितल्यावर ठराव मंजूर झाला.

मग माल पाहायला निघालो. एका विक्रेत्याने लादीची घनता घनमीटरला २४ किलो असल्याचे छातीठोक सांगितले. मी एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन इंच जाड असा तुकडा नमुना म्हणून मागून घेतला आणि घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २४च्या घनतेचा तसा तुकडा ११३ ग्रॅम भरायला हवा. तो भरला जेमतेम ६० ग्रॅम! म्हणजे पैसे पुऱ्याचे आणि माल निम्म्याचा. अशी पोकळ लादी माणसांच्या पायांखाली दबून जाते. त्या दुकानाची पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही. दुसरीकडचा तुकडा ११० ग्रॅम भरला. तो वजन ठेवून एक दिवस पाण्याच्या बादलीत बुडवला, पुसून पुन्हा तोलला, फरक नाममात्र. आगीच्या कसोटीचा कागद आणि दळलेल्या जुन्या मालाचे प्रमाण लिहून मागितले. जो दुकानदार असे प्रश्न विचारल्यावर रागावत नाही, त्याच्याकडून माल घ्यावा.

काम माघ महिन्यात काढले. पाऊस नाही आणि ऊनही बेताचे. गवंड्यांनी कोबा छिन्नी-हातोड्याने काढला. विटांचा चुरा सोसायटीच्या वाटेखाली भरायला गेला. स्लॅबच्या चिरा भरून, जलरोधक लेप देऊन, बांध घालून दोन दिवस पाणी कोंडून ठेवले. खाली एक थेंब आला नाही, तेव्हाच पुढे पाऊल टाकले. त्या लेपावर लाद्या, सांधे एकावर एक येणार नाहीत अशा दोन थरांत. थर्मोकोल डांबराच्या आचेने आणि काही डिंकांतल्या द्रावणाने विरघळते, म्हणून चिकटवण्याचे द्रव्य विचारून घेतले. वर जाळी घालून उताराचा पातळ सिमेंटचा थर, आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइलांचे तुकडे. हे तुकडेही टाइलवाल्याकडचे टाकाऊच! पांढरा रंग ऊन परत फेकतो, म्हणजे लादीवरचा भार आधीच कमी. अहमदाबादेत २०१०च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा नगराचा आराखडा झाला, आणि पुढे गरिबांच्या घरांची छपरे पांढरी करण्याचे काम तिथे निघाले. ज्यांना मोठा खर्च झेपत नाही, त्यांनी गच्चीला दर उन्हाळ्यात पांढरा हात दिला तरी फरक पडतो.

भाडेकरूंनी काय करावे, असे कोणी विचारील. गच्ची ज्यांच्या हाती नाही त्यांनी छताच्या आतून बाटल्यांचा नमदा किंवा काचेची लोकर घालून खाली जिप्समचे तक्ते ठोकावेत. इथे पाऊस पोचत नाही, म्हणून हे कोरडे गडी इथे शोभतात. पण गळके छत असे झाकू नये. झाकलेली गळती ही झाकलेल्या दुखण्यासारखी वाढतच जाते. आणि वरून घातलेला थर नेहमीच सरस, कारण त्यात स्लॅबच तापत नाही.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. उन्हाला बाहेर ठेवणारी गोधडी घरातली उष्णताही आत ठेवते. म्हणून दिवसा खिडक्या-पडदे बंद आणि रात्री नऊनंतर सगळ्या खिडक्या उघड्या, ही शिस्त हवी. ती आता सासूबाईंनी हाती घेतली आहे. घड्याळ पाहून त्या हाक मारतात, आणि आमचे हे उठून खिडक्या उघडतात.

तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे झाले. गच्ची गळली नाही. मे महिन्यात रात्री दहाला त्या खोलीत आता पारा ३२-३३च्या घरात असतो. गारवा म्हणावा असे काही नाही. पण पंख्याचा वारा वाऱ्यासारखा लागतो आणि डोळा लागतो. दिरांनी यंदाही वैशाखात नाशिकला बोलावले होते. सासूबाई गेल्या, आठ दिवस राहिल्या, नातवंडांचे लाड केले आणि आपल्या मनाने परत आल्या.

या दिवाळीत कोणी घराच्या डोक्यावर हात फिरवण्याचा बेत करीत असेल तर क्रम एवढा लक्षात ठेवावा. आधी गळती, मग वजन, मग पाणी आणि आग, आणि त्यानंतर वस्तू टाकाऊतली की नवी, हा विचार. या चारही परीक्षांत उतरली तर टाकाऊतलीच घ्यावी. तेवढाच उकिरड्यावरचा एक ढीग कमी. आणि दुकानात जाताना लाज न बाळगता स्वयंपाकघरातला काटा पिशवीत टाकावा. भाजीवाल्याशी आपण जेवढे काटेकोर असतो, तेवढे डोक्यावरच्या छताच्या बाबतीत असायला हरकत कसली?